कोयतीला अंगरखा

शिरगाव
१२ जुलै २०२५

कुशल,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे रागावायला मी मोकळी.

तुझ्या बारशाला तुझ्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगितलं ते मी. त्याच कानानं आता माझं एक काम ऐक. परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, पोरगा कारखान्यातून आला की आरी आणि सुया घेऊन बसतो, बोईसरच्या दोन खोल्यांत चामड्याचा वास भरून राहिलाय, ह्याचं कौतुक करू की ह्याचं लग्न करू? मी म्हटलं, दोन्ही कर, पण आधी त्याला माझं काम करू दे.

माझी कोयती तुला माहीत आहे. मनोरच्या लोहाराकडून घडवून आणलेली, टोकाला जराशी आत वळलेली. ह्या वाडीत लग्न होऊन आले तेव्हापासून ती माझ्या कमरेला आहे, नुसती, उघडी, खोचलेल्या पदरात. होळीच्या सुमारास तिनं मला थोडं चावलं, ते तुझ्या कानावर आलंच आहे. तेव्हापासून आमचा शैलेश माझ्या मागे लागलाय. त्यानं सरळ सांगितलंय, “आई, दसऱ्यापर्यंत कर काय करायचं ते. दसऱ्यानंतर वाडी केळव्याच्या एका माणसाला खंडानं कसायला द्यायची आणि तू माझ्याकडे पालघरला यायचं.” त्याचा फ्लॅट चांगला आहे, सूनबाई गुणाची आहे, माझी काही तक्रार नाही. पण तिसऱ्या मजल्यावर केळ लावता येत नाही रे. खिडकीतून लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, ते मी किती दिवस बघत बसू?

मी त्याला म्हटलं, चूक माझी नाही, उघड्या पात्याची आहे. पातं झाकलं तर? तो म्हणाला, “बघू.” माझा मुलगा ‘बघू’ म्हणतो म्हणजे नाहीच म्हणतो, पण दाराला कडी घालत नाही.

तेव्हा कोयतीला एक अंगरखा शिवून दे. चांगल्या चामड्याचा, कमरेच्या पट्ट्यात ओवता येईल असा. कोयती कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवली आहे, तो कागद सोबत आहे. उत्तर पत्रानंच दे. फोनवर तू “चल आत्या, ड्युटी” म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं.

तुझी,
दमयंतीआत्या


बोईसर
२१ जुलै २०२५

आत्या,

वाकून नमस्कार. सध्या अर्धाच वाकलोय, कारण कालपर्यंत कारखान्यात पंपाखाली आडवा होतो आणि पाठ धरली आहे. उरलेला नमस्कार उधार.

शिरगावहून बोईसरला यायला तुझ्या पत्रानं एवढे दिवस घेतले की तेवढ्यात मी चालत येऊन विचारून गेलो असतो. बहुतेक वाटेत मुंबई बघून आलं. आणि तुझं अक्षर! तू शाळेत सुलेखनात पहिली यायचीस असं बाबा सांगतात. हे अक्षर म्हणजे सातपाटीला दोरीवर टांगलेले बोंबील, प्रत्येक जण वाऱ्यानं वेगळीकडे तोंड करून. चष्म्याचा नंबर एकदा तपासून घे.

कामाची काळजी सोड. मी हल्ली बरंच काही केलंय. पट्टा केला, पाकीट केलं, एक-दोन म्यानंसुद्धा झाली. धारावीतून जाड चामडं आणलंय, झाडाच्या सालीत कमावलेलं. पाण्यात भिजवलं की ते मऊ होतं, मग पात्यावर दाबून बसवायचं, आणि वाळलं की त्याच आकारात कडक राहतं. आणि कापण्याचं म्हणशील तर माझी रोजीरोटीच ती आहे. पाइपाच्या दोन तोंडांमध्ये बसवायच्या गॅस्केटच्या चकत्या मीच कापतो. रेघेच्या केसभर आतबाहेर गेलं की ॲसिड गळतं. त्या हाताला तुझी कोयती म्हणजे किस झाड की पत्ती, असं आमचा बिहारी हेल्पर म्हणतो.

एक मात्र खरं सांग. होळीला लागलं तो हात आता कसा आहे? आई म्हणाली टाके पडले होते, आणि तू फोनवर “खरचटलं” म्हणालीस. बाकी तुझं आणि शैलेशदादाचं तुम्ही बघा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि मी तर एका कोयतीपुरतंच करतोय.

तुझा,
कुशल


शिरगाव
२ ऑगस्ट २०२५

कुशल,

पाठीला निर्गुडीच्या पाल्याचा शेक घे, मग आशीर्वाद लागू पडतील.

चष्मा ठीक आहे. म्हातारपणी गुडघे दुखतात तसं अक्षरही दुखतं, त्याला हसू नये. आणि हाताचं सांगितलं ना, खरचटलं म्हणजे खरचटलं. तुम्हा लोकांना एकदा सांगून पटत नाही.

तुझ्या म्यानाची बातमी मी भागीला सांगितली. भागी आपल्या वाडीत कामाला येते, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, पण मला दटावते सासूसारखी. तिचा नवरा कमरेला लाकडाची आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. ती म्हणाली, “बाय, येवढा चामडा कशाला? आमच्या आकडीला काय झालंय?” मी म्हटलं, अगं आकडीत पातं उघडंच राहतं, आणि माझ्या मुलाच्या डोळ्यांना ते उघडं दिसता कामा नये. तर म्हणते, “मग कोयती झाकायची का पोराचं डोलं झाकायचं, येकदा ठरव.”

परवा शैलेश त्या केळव्याच्या माणसाला घेऊन आला होता. मला भेटवायला नाही, वाडी दाखवायला. तो माणूस वाडीभर फिरला, पाटाचं पाणी कुठून येतं ते शैलेशला विचारलं. शैलेशला काय ठाऊक? तो सांगत होता चिंचेकडून, आणि पाणी येतं विहिरीकडून. मी ओट्यावर बसून ऐकत होते. मग त्या माणसानं माझ्या पानवेलीचं एक पान तोडलं, मांडीवर पुसलं आणि तोंडात टाकलं. मला न विचारता. तो चावत होता तोवर मी त्याच्या जबड्याकडे बघत होते.

लवकर कर, बाळा.

तुझी,
दमयंतीआत्या


बोईसर
२३ ऑगस्ट २०२५

आत्या,

सोबतच्या पुडक्यात तुझ्या कोयतीचा अंगरखा आहे. वास घेऊ नकोस, आधी ही कहाणी वाच.

कोयती माझ्याकडे नव्हती, म्हणून तुझ्या कागदावरून एक पुठ्ठ्याची कोयती कापली आणि तिच्या मापानं चामड्याचे दोन तुकडे. अगदी रेघेवर, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. टाक्यांची भोकं सारख्या अंतरावर पडावीत म्हणून आईचा नूडल्सचा काटा चामड्यावर दाबत गेलो. आता त्या काट्याचे दात चार दिशांना गेलेत आणि आई माझ्याशी दोन दिवस फक्त “जेवायला ये” एवढंच बोलत होती. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावायच्या, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी काढायच्या आणि ओढायच्या. ऐकायला सोपं आहे. आरी पहिल्यांदा चामड्यातून गेली आणि दुसऱ्यांदा माझ्या अंगठ्यातून. दोऱ्याला मेण हवं म्हणून देवाजवळची मेणबत्ती घेतली, तर त्यावरून वेगळी बोलणी बसली.

मग भिजवलं. आणि आत्या, ह्या हवेत भिजवलेलं चामडं वाळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पंख्याखाली ठेवलं, फ्रिजच्या मागे ठेवलं. चार दिवसांनी बघतो तर म्यानाला पांढरी दाढी आलेली. ती दाढी पुसून, तेल चोळून, काचेच्या बाटलीनं कडा घासून पाठवतोय. पुठ्ठा त्यात लोण्यासारखा जातो. कोयती कशी जाते ते कळव. उजव्या कमरेला पट्ट्यात ओवायचा फास मागे आहे.

तुझा,
कुशल


शिरगाव
३० ऑगस्ट २०२५

कुशल,

आशीर्वाद, आशीर्वाद आणि आणखी आशीर्वाद.

काय सुंदर काम केलंस! माहेरी आलेली लेक बसते तशी कोयती आत बसली. आत जाते, बाहेर येते, कुठे म्हणून अडत नाही. भागी दोन वेळा हात फिरवून गेली. वहिनीला सांग, काटा मी नवा घेऊन देईन, पोराला काही बोलू नकोस.

शैलेशच्या सोसायटीच्या गणपतीला तुला आरतीचं बोलावणं आहे असं कळलं. जरूर जा. पण म्यानाबद्दल तिथे चकार शब्द काढू नकोस, मी दसऱ्यालाच दाखवणार आहे. प्रसाद घे आणि नीघ. फार वेळ बसू नकोस, तुझी ड्युटी असते.

तुझी,
दमयंतीआत्या


बोईसर
७ सप्टेंबर २०२५

आत्या,

आज नमस्कार शेवटी. आधी एक प्रश्न. ज्या म्यानात कोयती जाऊच शकत नाही, त्यात ती लेक माहेरी आल्यासारखी बसली कशी?

झालं असं. तुझ्या कौतुकानं मी फुगलो आणि आईची नाराजी काढायला तिच्या भाजीच्या सुरीलाही एक म्यान केलं. तीच पद्धत, रेघेवर कापणं. सुरीचं फक्त टोक आत गेलं. ढकललं, शिव्या दिल्या, तरी नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. टाक्यांची शिवण आतून जागा खाते. पात्याला स्वतःची जाडी असते. म्हणून रेघेच्या बाहेर चांगलं बोटभर चामडं ठेवायचं असतं. गॅस्केटचा हात मला नडला. तिथे रेघ म्हणजे रेघ. आणि पुठ्ठ्याला जाडीच नसते, म्हणून तो लोण्यासारखा जात होता.

तरीही मनात म्हटलं, आत्याची कोयती बारीक असेल. मग काल पालघरला आरतीला गेलो, तिथून दादाच्या घरी. वहिनी म्हणाली, भावजी, तुम्ही उंच आहात, कपाटावरची मोठी परात काढून द्या. परातीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तुझी कोयती. दादा म्हणाला, “होळीपासून इथंच आहे. आईला देणार नाही.” तुझ्या कागदाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. ताडून बघितलं, आकार तंतोतंत. मग आत्या, तू पेन्सिल फिरवलीस ती कशाभोवती?

मी रागावलो नाही. रागावायला तोंड नाही, कारण खोटं मीही बोललोय. “एक-दोन म्यानंसुद्धा झाली” ही शुद्ध थाप होती. तुझं म्यान माझं आयुष्यातलं पहिलं. पाकीट अजून कापायचंय. पट्टा मात्र खरंच केला, पण त्याची भोकं अशी पडलीत की तो भरपेट जेवल्यावरच बसतो. आईनं फोनवर माझी तारीफ केली आणि मी ती खरी करायला निघालो. नाचता येईना आणि अंगणही माझंच.

आता तू सांग. काय चाललंय?

नमस्कार, पूर्ण वाकून.
कुशल


शिरगाव
१३ सप्टेंबर २०२५

कुशल,

पकडलंस. आता सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस.

कमरेवरून काढली की कोयती स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला असायची. मागे घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं आळस केला, तिला काढलीच नाही, भोवतीनं ब्रश फिरवला. शैलेशनं कोयती नेली आणि भिंतीवर तिचा जुना चुन्याचा आकार उरला. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली. रोज भात शिजवताना समोर तो आकार दिसतो.

दुसरं. खरचटलं नव्हतं. उजव्या हाताच्या आतली शीर तुटली. डॉक्टरांनी जोडली, पण शेवटची दोन बोटं वळत नाहीत आणि मूठ काही घट्ट बसत नाही. चहाचा पेलासुद्धा सटकतो. शैलेशला मी शपथ घातली होती की टाक्यांपलीकडे माहेरी कोणाला काही कळवायचं नाही. भावाला कळलं तर तोही मला न्यायला येईल, आणि मग मी दोघांशी कशी भांडू?

इस्पितळात हाताचा व्यायाम शिकवणारी एक मुलगी आहे. ती म्हणाली, “आजी, डाव्या हाताला कामाला लावा, रोज एक पान लिहा.” मी रामनाम लिहायला घेतलं. पण देवाला तेच तेच लिहून पाठवायचं, आणि त्याचं उत्तर काही येत नाही. म्हणून तुला लिहायला लागले. तू ज्यांना बोंबील म्हणालास ते माझ्या डाव्या हाताचे बोंबील आहेत. वाचून मी हसले. थोडं लागलंही.

आणि तिसरं, हे शैलेशलाही माहीत नाही. दुपारी तो इकडे नसतो तेव्हा मी भागीचा कोयता घेऊन वाळकी केळीची पानं डाव्या हातानं छाटते. पहिल्यांदा पान सोडून हवाच कापली. भागी म्हणाली, “बाय, हा हात नव्या नवरीसारखा लाजतो, पन शिकंल.” आता तो शिकलाय. हिरवं पान कापतो, पिकलं पान कापतो. केळीचा लोंगर, तो अख्खा घड, अजून कापला नाही. भागीचा कोयता मला जड पडतो. माझी कोयती हवी.

मला इथून नेलं तर मी काही मरणार नाही, कुशल. शैलेश मला काही कमी पडू देणार नाही. पण सकाळी उठून कुठे जायचं, ते मला ठाऊक नसेल.

म्हणून खोटं बोलून तुझं कौतुक केलं. तू नाउमेद झालास आणि सोडून दिलंस तर? आता खरं सांगून मागते. रेघेच्या बाहेर बोटभर ठेव, आणि फास डाव्या कमरेला लाव.

तुझी,
दमयंतीआत्या


बोईसर
२८ सप्टेंबर २०२५

आत्या,

बोंबलांबद्दल मला फार वाईट वाटतंय. तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. पहिल्या पत्रापेक्षा शेवटच्या पत्रातल्या ओळी कितीतरी सरळ आहेत, ते मला दिसलंच नव्हतं.

पुढचं ऐक. मी चामडं, आरी, सुया सगळं घेऊन पालघरला दादाकडे गेलो. तो म्हणाला, “कशाला? ती परत जाणारच नाहीये वाडीत.” मी म्हटलं, मला शिकायचंय, कोयती वापरू दे, घराबाहेर नेत नाही. मग त्याच्याच जेवणाच्या टेबलावर बसलो. ह्या वेळी बोटभर जास्त ठेवलं. धारेच्या बाजूला मध्ये चामड्याची एक जाड पट्टी शिवली, म्हणजे पातं दोऱ्यांना कापणार नाही. तोंडाशी एक दाबाचं बटण लावलं. कोयतीला दुधाच्या पिशवीत गुंडाळून ओलं चामडं तिच्यावर दाबलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तोवर वहिनीनं ते इस्त्रीच्या टेबलावर पंखा लावून वाळवलं होतं. दादा आधी टीव्ही बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला, मग न सांगता चामड्याचं एक टोक धरून बसला. “फास ह्या बाजूला का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “डिझाइन आहे.” कोयती आत गेली तेव्हा शेवटी ‘टक्’ आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आत्या, ह्या वेळचं कौतुक खरं असणार आहे.

मग मी तुझी बाजू मांडली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “होळीला मी घरी गेलो तर आई केळीखाली बसली होती. हात पदरात गुंडाळलेला, पदर लाल. आणि मला म्हणते, आलास? चहा टाकू? कुशल, मला ते परत बघायचं नाही.” मी आरी आणि सुया पिशवीत भरायला लागलो.

एवढंच ठरलंय, की दसऱ्याच्या पूजेला कोयती नसली तर तुला रुखरुख लागेल, म्हणून तो ती म्यानासकट घेऊन येईल. संध्याकाळी कोयती आणि तू, दोघींना पालघरला नेईल. केळव्याचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी ताब्यात घ्यायला येणार आहे. दसऱ्याला मला ड्युटी आहे, नाहीतर मी येऊन भांडलो असतो. म्यान जमलं आत्या, दादा जमला नाही. माफ कर.

तुझा,
कुशल


शिरगाव
४ ऑक्टोबर २०२५

कुशल,

आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

दसऱ्याला शैलेश सकाळीच आला. स्कूटरच्या पुढ्यात एक मोठी रिकामी पिशवी, माझे कपडे न्यायला. कोयती त्यानं माझ्या हातात दिली नाही, स्वतःच नेऊन पाटावर ठेवली. मी कुदळ, पहार, खुरपं, भागीचा कोयता, सगळं धुऊन तिच्याभोवती मांडलं, मधोमध आपली कोयती, तुझ्या अंगरख्यासकट. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, दिवा लावला. जेवणं झाली, सोनं वाटून झालं. ऊन उतरलं तसा तो उठला, फळीवरच्या माझ्या साड्या पिशवीत भरल्या आणि कोयतीकडे हात नेला.

मी म्हटलं, “शैलेश, पूजेतलं हत्यार आज उचलायचं नसतं.”

“आई, तिकडे नेऊन ठेवायचीच तर आहे.”

“आज त्यांचा विसाव्याचा दिवस. तुझ्या बाबांनी कधी उचललं होतं?”

“मग राहू दे ती इथंच. आपण जाऊ.”

“आणि दिवा? पूजेतला दिवा एकटा टाकून?”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. पण पालघरला राहिला म्हणून काय झालं, पोरगा वाढलाय ह्याच वाडीत. दसऱ्याचं हत्यार उचलायला त्याचा हात काही धजला नाही. पिशवी ओटीवर ठेवून तो तिथेच बसला आणि रात्री इथेच राहिला. तुला खरं सांगते, हे मी आधी ठरवलं नव्हतं. फुलं वाहताना सुचलं, आणि मग देवीला डोळे मिटून जरा जास्तच वेळ नमस्कार केला.

काल सकाळी उजाडताच उठले. पूजेला नमस्कार केला, फुलं काढली. तुझ्या काकांचा जुना पट्टा साडीवर बांधला, त्यात तुझा फास ओवला, डाव्या कमरेला. वाडीत गेले. पाटाच्या कडेला एक लोंगर तयार होऊन वाकला होता. डाव्या अंगठ्यानं बटण उघडलं आणि कोयती बाहेर काढली. होळीनंतर पहिल्यांदा ती माझ्या हातात आली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? भागी शेजारी होती, ती मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. पहिला घाव तिरका गेला. दुसरा बसला. केळ वाकली, भागीनं खाली खांदा दिला आणि तिसऱ्या घावाला लोंगर सुटला.

तेवढ्यात शैलेश धावत आला. अनवाणी, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. “आई! ठेव ती आधी!”

“ठेवते,” मी म्हटलं. आणि त्याच्या डोळ्यांत बघत, खाली न पाहता, कोयती म्यानात सारली, बटण लावलं आणि दोन्ही हात मोकळे करून त्याला दाखवले.

त्यानं हाताच्या पाठीनं हनुवटीवरचा फेस पुसला. मग म्हणाला, “परत काढ बघू.” काढली. “ठेव.” ठेवली. “परत काढ.” लहानपणी मी त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे, तसं त्यानं माझ्याकडून किती वेळा करून घेतलं. शेवटी विचारलं, “हे डाव्या हातानं कधीपासून?”

भागी म्हणाली, “आखाडापासून. मीच शिकवली. तुला सांगितलं आसतं, तर तू आमचा पन कोयता नेला आसता.”

शैलेशनं ब्रश खिशात घातला. पुढच्या केळीखाली जाऊन उभा राहिला आणि लोंगराला खांदा दिला. मी कापला. त्याच्या दसऱ्याच्या नव्या सदऱ्यावर केळीचा चीक सांडला. तो डाग आता जन्मात जाणार नाही, पण त्यानं खाली वळून बघितलंसुद्धा नाही. माझ्या हाताकडेच बघत होता.

केळव्याचा माणूस आला तेव्हा तो तसाच चिकाच्या सदऱ्यानं फाटकापाशी गेला. मी लांब होते, ऐकू आलं नाही. भागी मुद्दाम तिकडून पाणी आणायला गेली होती. तिनं येऊन सांगितलं, “‘वाडी रिकामी नाय’ बोलला.” तेवढंच. तो माणूस आला तसा गेला. पान न खाता.

कोयती मी एकटीनं काढायची नाही, भागी बरोबर हवी, अशी शैलेशची अट आहे. मी मान्य केली. त्याची भीती खरी होती, कुशल, मी ती उगाच हसण्यावारी नेत होते.

संध्याकाळी तो निघाला. पिशवीतल्या साड्या काढून मी फळीवर परत ठेवल्या आणि तिच्यात केळी भरली. ती पिशवी पायांशी घेऊन तो स्कूटरवरून एकटाच पालघरला गेला.

तुझी,
दमयंतीआत्या